रांग तर सरळच होती

मी आयुष्यात शाळेचा तास चुकवला नाही, पेन्शनचा हयातीचा दाखला चुकवला नाही, आणि वयाच्या बाराव्या वर्षापासून एकही नमाज चुकवली नाही. हे सांगताना माझी मान जरा ताठ होते. त्यावरून आमच्या हिचे टोमणे मी बेचाळीस वर्षं खातोय. "वर गेल्यावर फरिश्त्यांनाही हजेरीपट लिहायला शिकवाल," म्हणते. म्हणू दे. मास्तरकी केलेला माणूस आहे मी, हजेरीला हसणाऱ्यांची सवय आहे मला.

एकच नमाज हुकली, ती माझ्या बापाच्या जनाज्याची. इतर कुठली नमाज राहिली तर ती नंतर भरून काढता येते, तिला कजा म्हणतात. जनाज्याच्या नमाजेला कजा नाही. एकदा माती पडली की संपलं.

अकरा वर्षांपूर्वीची ती गोष्ट. मे महिना होता. मी तेव्हा लोह्याला जिल्हा परिषदेच्या शाळेत होतो. सकाळी औशाहून फोन आला, अब्बा गेले. मिळेल त्या बसनं निघालो. अहमदपूरच्या पुढे टायर फुटला. रस्त्याच्या कडेला बाभळीच्या सावलीत उभं राहून मी भाईजानना फोन केला, असरपर्यंत, म्हणजे तिसऱ्या प्रहराच्या नमाजेपर्यंत, थांबा, मी येतोय. जिलानीभाई माझे थोरले भाऊ, माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठे, आमच्या गल्लीतल्या मशिदीचे इमाम. ते एवढंच म्हणाले, "देखता हूँ." मी पोचलो तेव्हा लोक कब्रस्तानाच्या नळावर हातापायाची माती धूत होते. वीस मिनिटांनी हुकली. मयताला उशीर करू नये हा नियम मलाही तोंडपाठ आहे. पण नियम पाठ असणं वेगळं, आणि ओल्या मातीपुढे उभं राहणं वेगळं. मी भाईजानकडे बघितलंसुद्धा नाही. आलो तसा परतलो, आणि त्यानंतर अकरा वर्षं आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नाही. घर औशात, माझं बिऱ्हाड लोह्यात. न बोलायला अंतर सोयीचं पडलं.

परवा शंकरप्पाचा फोन आला. शंकरप्पा आमच्या गल्लीच्या तोंडाशी भुसाराचं दुकान चालवतो, चौथीपर्यंत आम्ही एका बाकावर होतो.

"मास्तर, ऐकून राहिला का? इमामसाब चाललेत हैदराबादला, पोरीकडं. डोळ्यानं दिसंना त्यास्नी. उद्याच्याला असरची नमाज पढवायची आन् निघायचं, आमचा पोरगा रुद्रेश गाडी घेऊन चाललाय. परत काय ते येत न्हाईत बघ."

"मग?" मी म्हणालो.

"मग काय? ढोर हाय का माणूस तू? येऊन उभा ऱ्हा की पाठीमागं. बोलू नगं वाटलं तर. नमाजेत काय बोलावं लागतंय व्हय?"

त्याचं म्हणणं मला पटलं. इमामाच्या मागे उभं राहायला बोलावं लागत नाही. भांडणही मिटवावं लागत नाही. फक्त त्याच्या आवाजावर वाकायचं, त्याच्या आवाजावर उठायचं. अकरा वर्षांनी एवढं मला जमणार होतं, आणि एवढंच मला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सव्वाबाराची बस धरली. पौषातलं ऊन, खिडकीजवळची जागा. जोहरची, म्हणजे दुपारची नमाज वाटेत कुठंतरी पढायची असं ठरवलं होतं. बाहेर ज्वारी निसवली होती. उसाचे ट्रॅक्टर हळूहळू जात होते, आणि बस त्यांच्या मागे आणखी हळू. ऊन मांडीवर येऊन मांजरासारखं बसलं. मी स्वेटर काढला, सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या.

अहमदपूरला बस थांबली. कंडक्टर म्हणाला, चहापाणी करून घ्या. मी उतरलो. स्टँडच्या मागं एक मशीद होती, मी पूर्वी कधी पाहिली नव्हती. बुटकी, चुन्यानं रंगवलेली. अंगणात चिंच, आणि हौदाच्या पाण्यावर चिंचेचा बारीक पाला पसरलेला. हातानं पाला बाजूला सारून मी वजू केला, म्हणजे नमाजेआधी धुवायचे ते हात, तोंड, पाय धुतले. पाणी कोमट होतं. आत एकच रांग उभी होती आणि कोणी वळून बघत नव्हतं. बाहेर स्टँडचा इतका गोंगाट, पण आत फक्त पारव्यांची घुमघुम होती. रांगेच्या टोकाला माझ्यापुरती जागा होती. मी उभा राहिलो. शेजारच्या माणसाच्या अंगाला एरंडेलाचा आणि खसाच्या अत्तराचा वास येत होता. टाचेला टाच जुळवायला मी खाली पाहिलं. त्याच्या उजव्या पायाच्या अंगठ्याचं नख काळं होतं. चार रकात मी इतक्या शांतपणे पढलो की मला वाटलं, नमाज म्हणतात ती ही. बाकी इतकी वर्षं नुसती कवायत केली.

मग लातूर आलं. "लातूर, लातूर, उतरा," कंडक्टर ओरडत होता. अंगात नमाजेनंतर असतो तो हलकेपणा होता. बाह्या अजून दुमडलेल्याच होत्या. सव्वातीन वाजले होते. जोहरची वेळ अजून तासभर होती, स्टँडजवळ मशीदही होती, पण पढलेली नमाज कोण पुन्हा पढतं? मी केळी घेतली, औशाची गाडी येईपर्यंत बाकावर बसलो आणि भाईजानचा आवाज आता कसा झाला असेल याचा विचार करत राहिलो.

औशाला पोचलो तेव्हा असरची अजान होऊन गेली होती. गल्लीच्या तोंडाशी रुद्रेशची गाडी उभी होती, टपावर गादीची वळकटी आणि पत्र्याची पेटी बांधलेली. ती पेटी अब्बांची. मशिदीच्या पायरीजवळ शंकरप्पा दोन्ही हात मागे बांधून उभा होता. मला बघून त्यानं बोटानं आत दाखवलं. मी हौदावर बसून घाईघाईनं वजू केला. पायांवरची धूळ धुतली. ही धूळ थेट लोह्याची होती, थराच्या थर. तिथंच मला शंका यायला हवी होती. अहमदपूरला पाय धुतलेल्या माणसाच्या पायावर एवढी धूळ कशी? पण आतून इकामत, म्हणजे नमाज सुरू होतानाची हाक, ऐकू आली, लोकांची जमात उभी राहत होती. मी धावलो नाही, नमाजेला धावत जायचं नसतं. भरभर चाललो.

दुसऱ्या रांगेत जागा मिळाली. समोर भाईजानची पाठ. खांदे उतरले होते, मान बारीक झाली होती, टोपीखालून दिसणारे केस पांढरेशुभ्र. रांग सरळ करायला सांगावी म्हणून रिवाजाप्रमाणे ते वळले.

"सफ सीधी कर लो. एड़ियाँ मिला लो."

तोच आवाज. थोडा खरखरीत झालेला, पण तोच. त्यांची नजर पहिल्या रांगेवरून दुसऱ्या रांगेवर आली, माझ्यावर आली आणि थांबली. डोळ्यानं दिसत नाही म्हणे. मी जागचा हललो नाही. ओठ हलल्यासारखे वाटले. मग ते किबल्याकडे, मक्केच्या दिशेला वळले.

सगळ्यांनी खाली बघितलं, टाचा जुळवल्या. मीही बघितलं. शेजारी कुणा तरुणाचा पाय होता, गोरा, स्वच्छ नखांचा. आणि मला दुपारचा पाय आठवला. काळ्या नखाचा अंगठा.

ते नख अब्बांचं होतं. विहिरीच्या कामावर दगड पडून गेलेलं, कधीच नीट न उगवलेलं. लहानपणी रांगेत मी त्यांच्या शेजारी उभा राहायचो तेव्हा माझी नजर त्या नखावर असायची. एरंडेलाचा वासही त्यांचाच, गुडघ्याला चोळायचे ते. अहमदपूरच्या मशिदीत माझ्या शेजारी माझा बाप उभा होता.

म्हणजे मी उतरलोच नव्हतो. मी झोपलो होतो. जोहर राहिली होती.

इथं एक नियम सांगायला हवा. ज्यानं आयुष्यात नमाजा सांभाळल्या, पाचापेक्षा जास्त राहू दिल्या नाहीत, त्याला साहिबे-तर्तीब म्हणतात. त्याला क्रम पाळावा लागतो. राहिलेली नमाज आधी, चालू वेळेची नंतर, मग समोर जमात उभी असली तरी. वेळच संपत आली असेल तर गोष्ट वेगळी, विसरला असेल तरी माफ. आणि ज्याच्या कितीतरी नमाजा राहिल्यात त्याला क्रमाची सक्ती नाही, त्यानं खुशाल जमातीत उभं राहावं. पहिल्या नंबरच्या पोराचा एक गृहपाठ राहिला तर तो वर्गाबाहेर, आणि मागच्या बाकावरचे सगळे मजेत वर्गात, असा तो प्रकार. हा मसला मला बाराव्या वर्षी याच मशिदीत शिकवला गेला. शिकवणारा माणूस समोर पाठ करून उभा होता.

आणखी दोन मिनिटं आठवलं नसतं तर काय बिघडलं असतं? विसरण्याला माफी होती. पण आठवलं. एकदा आठवल्यावर, न आठवल्यासारखं करून भाईजानच्या मागे उभं राहणं माझ्याच्यानं होईना. त्यांनी शिकवलेलंच मोडून त्यांच्या मागे काय उभं राहायचं?

"अल्लाहु अकबर," भाईजाननी हात उचलले. सगळ्या मशिदीनं हात उचलले. मी मात्र एक पाऊल मागे सरलो, रांगेतून बाहेर पडलो, आणि शेवटच्या खांबाजवळ कोपऱ्यात जाऊन एकटा उभा राहिलो.

जोहरची नियत केली. मला रडू येत होतं, ते मी गिळलं. माझी नमाज चालू होती आणि त्यांचीही, दोन वेगळ्या. त्यांच्या तकबिरा, म्हणजे त्यांचे 'अल्लाहु अकबर', माझ्या नमाजेतून आरपार जात होत्या. मी उभा असताना ते वाकत होते, मी वाकलो की ते सजद्यात. एकदा वाटलं, जरा उरक, त्यांची शेवटची बैठक तरी सापडेल. पण अब्बा म्हणायचे, भाकरी आणि नमाज घाईत कच्ची राहते. मी घाई केली नाही. शेवटच्या बैठकीत होतो तेव्हा समोरून सलाम ऐकू आला. जमात संपली. भाईजानची शेवटची असर माझ्यावाचून झाली.

आणि तेव्हा, का कोण जाणे, तो मे महिना मला उलट्या बाजूनं दिसला. भाईजानसमोर त्या दिवशी हाच पेच असणार. एकीकडे नियम, एकीकडे भाऊ. त्यांनी नियम धरला. आज मीही तेच केलं, आणि माझ्या मनात त्यांच्याबद्दल राग नव्हता, माया होती. मग त्यांच्या मनात त्या दिवशी काय असेल, हे अकरा वर्षं मला कधी विचारावंसं वाटलं नाही. मला माझीच लाज वाटली.

असरनंतर इमाम लोकांकडे तोंड करून बसतो. भाईजान वळून बसले होते. मी सलाम फिरवला तर सगळी मशीद माझ्याकडे बघत होती. रांगेत येऊन, इमामानं डोळ्यानं बघितल्यावर, हात बांधायच्या क्षणी बाहेर पडलेला भाऊ! दोघांचं वाकडं आहे हे गल्लीला ठाऊक होतंच. यापेक्षा मोठा अपमान चारचौघांत कोणी कोणाचा करू शकत नाही. मगदुमचाचा, म्हातारे अजान देणारे, थरथरत उठले.

"इनके पीछे पढ़ना नक्को था तो आये कायकू मास्टर? आज के दिन? जाते जाते आदमी का दिल तोड़ने कू?"

कोपऱ्यात कुणीतरी "हौ ना" म्हणालं. एवढी वर्षं पोरांना मोठ्यानं बोला म्हणून छड्या मारल्या, आणि आपल्यावर आलं तर मीच मान खाली घालून बसलो.

भाईजाननी हात वर केला. मगदुमचाचा गप्प झाले. भाईजान माझ्याकडे, म्हणजे माझ्या बाजूच्या अंधुकाकडे, बघत राहिले. मग अकरा वर्षांनी पहिल्यांदा माझ्याशी बोलले.

"दस्तू, जोहर रह गई क्या रे?"

मला दस्तू म्हणणारं जगात आता दुसरं कोणी उरलेलं नाही.

"हौ, भाईजान."

"बस में सो गया?"

"हौ. अब्बा आये थे. बाजू में खड़े थे. मैं समझा, पढ़ लिया."

मग लोकांकडे वळून, मुलाचा निकाल सांगावा तशा आवाजात म्हणाले, "ये साहिबे-तर्तीब है. इसकी जोहर बाकी थी, मेरे पीछे कैसा खड़ा रहता? मैंच सिखाया इसको." त्यांनी खांद्यावरच्या रुमालानं तोंड पुसलं. मगदुमचाचा खाली बसले आणि उगाचच चटई सारखी करू लागले.

मी माझी असर पढायला उभा राहिलो, एकटाच. भाईजानना ती दुसऱ्यांदा पढवता येत नव्हती, तोही नियमच. पढून होईतो शंकरप्पा दारातून आत डोकावला.

"इमामसाब, निघायचं न्हवं? रुद्रेशला अंधारात गाडी हाणायची सवय न्हाई. थोडी वाट तरी उजेडात कापू."

"शंकरप्पा," भाईजान मराठीत म्हणाले, "मगरिब पढवून निघतो."

"आं? आता तुमीच म्हनले असर करून..."

"एक माणूस मागं राहिलाय. त्याच्यासाठी थांबायचंय."

शंकरप्पानं एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघितलं आणि "थांबा की, गाडी काय पळून चालली?" म्हणून निघून गेला.

सूर्य मावळायला, म्हणजे मगरिबला, तासभर होता. भाईजानना भेटायला गल्ली लोटली. मी बाहेर पायरीवर शंकरप्पाशेजारी जाऊन बसलो. समोर किल्ल्याच्या बुरुजावर पिवळं ऊन होतं, रावे घराकडे चालले होते. दुपारची झोप अजून पुरती उतरली नव्हती. वाटत होतं, आत्ता कोपऱ्यावरून अब्बा येतील आणि दोघांना बघून म्हणतील, अजान झाली ना रे?

"तुला एक सांगू का मास्तर," शंकरप्पा सुपारी कातरत म्हणाला. "तुझा बाप गेला तवा मी कब्रस्तानच्या भिताडापाशी उभा व्हतो. लोकं घाई करून राहिलेले. लई ऊन. तुझा भाऊ फुडं जाऊन उभा ऱ्हायला, वळला आन् म्हनला, रांग सरळ करा. केली. पुन्हा वळला, रस्त्याकडं बघितलं, म्हनला रांग सरळ करा. लोकं कुरकुरली. तरी तिसऱ्यांदा तेच. मला तुमच्यातलं काय कळतंय? पर भिताडावरून सगळं दिसत व्हतं. रांग तर पैल्यांदाच सरळ व्हती."

मी त्याच्याकडे वळलो. "अकरा वर्षांत सांगितलं नाहीस?"

"तू विचारलास कधी? आन् त्यांनीच शपथ घातली व्हती. म्हनले, नियम म्हनून जे केलं त्याची सबब सांगायची नसती." त्यानं सुपारीचं खांड माझ्या हातावर ठेवलं. "आज चाललेत. सुटली शपथ."

सुपारी तोंडात टाकायचं मला सुचलं नाही. हातावरच राहिली.

मगरिबची अजान झाली. हिवाळ्यात माझ्या वयाच्या माणसाचा वजू तासभर टिकत नाही, हे सांगायला लाज कसली. मला आधी मोरीकडे आणि मग हौदावर जावं लागलं. मगरिबला वेळ थोडा, अजान झाली की लगेच जमात उभी राहते. मी हौदावर एक पाय धुतोय तोवर आतून इकामत सुरू झाली. पुन्हा? आजही? घाईत पाणी धड घोट्यापर्यंत पोचेना.

इकामत संपली. आता तकबीर होणार. मी डोळे मिटले.

"सफ सीधी कर लो," भाईजानचा आवाज आला.

मी दुसरा पाय धुवायला घेतला. आत हालचाल झाली, शांत झाली.

"सफ सीधी कर लो."

आत कुणीतरी खाकरलं. मी ओल्या पायांनी पायऱ्या चढलो. दारातून पहिली रांग दिसली. चुन्याची दोरी मारल्यासारखी सरळ होती. एका ठिकाणी तेवढी फट होती, बरोब्बर इमामाच्या मागे, आणि दोन्हीकडचे लोक ती अंगानं राखून उभे होते. मगदुमचाचांनी माझ्यासाठी खांदा आकसून घेतला. मी त्या जागेत उभा राहिलो आणि टाच जुळवली. भाईजान आमच्याकडे तोंड करूनच उभे होते. त्या डोळ्यांना चेहरा दिसत नव्हता, पण फट भरलेली दिसली असावी.

"सफ सीधी कर लो," ते तिसऱ्यांदा म्हणाले, अगदी हळू, माझ्यापुरतं.

मग ते वळले आणि त्यांनी हात उचलले.